बॉडी गाळ्यावर आहे

ठोक्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि येत नाही याची त्याला लाजही वाटत नव्हती. तरी त्याचं पोट चालायचं ते एका इंग्रजी शब्दावर. तो शब्द म्हणजे बॉडी. गाडीचं इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा सोडला, तर वर जे जे डोळ्यांना दिसतं ती बॉडी. केबिन, दारं, मडगार्ड, टेम्पोचा मागचा हौदा, सगळी बॉडीच. ती चेपली, गंजली, कुणी मागून येऊन धडकलं, की लोक ठोक्याच्या गाळ्यावर यायचे. गाळ्यावर पाटी होती, ‘येथे सर्व प्रकारच्या बॉडीची कामे केली जातील’. ती त्याने स्वतःच रंगवली होती. जागेचा अंदाज चुकल्यामुळे ‘जातील’ खालच्या ओळीत एकटंच लोंबत होतं.

दिवसभर पत्रा ठोकतो म्हणून ठोक्या. हे नाव त्याला बिल्डिंगने दिलं होतं, आणि प्रेमाने दिलं नव्हतं. माणूसच तिरसट. गिऱ्हाइकाने ‘जरा लवकर करा’ म्हटलं की हा हातोडा खाली ठेवून चहा प्यायला निघून जायचा. त्याने लग्न केलं नाही, असं तो सांगे. त्याच्याशी करायला कुणी धजावलं नाही, असं बाकीचे सांगत. गाळ्यातच लाकडी माळा काढलेला होता, तिथे तो झोपायचा. कमाई, घर, अंथरूण, सगळं त्या एका शटरच्या आत होतं, आणि त्या शटरबाहेरच्या जगाशी त्याचं कधी पटलं नाही.

बॉडी या शब्दावर आपली एकट्याची मालकी आहे, अशी त्याची समजूत होती. समोरच्या जिमला जाणारी पोरं ‘बॉडी बनवतोय’ म्हणाली की तो त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि सांगायचा, “पत्रा पातळ आहे रे. वरून नुसती लांबी भरलीय.” लांबी म्हणजे खड्डे बुजवायला पत्र्यावर थापतात तो लगदा. पोरांना अर्थ कळायचा नाही, पण अपमान कळायचा.

या शब्दाचा तिसरा अर्थ मात्र त्याच्या डोक्यावर राहायचा, अगदी शब्दशः. जुनं घर पाडून बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा ठोक्याच्या थोरल्या भावाला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला आणि धाकट्याला त्याच्या बरोबर खालचा गाळा. मध्ये फक्त एक स्लॅब. एवढी जवळीक सख्ख्या भावांना मानवत नसते. थोरला ऑफिसातून रिटायर झाला आणि लगेच सोसायटीच्या कमिटीत शिरला. कमिटी हा शब्द त्याला हलका वाटायचा. तो म्हणायचा बॉडी. नवी बॉडी निवडून आली, बॉडीची मीटिंग आहे, बॉडीने असं ठरवलंय. त्या बॉडीचा चेअरमन तोच.

थोरल्याला आवाज सहन होत नसे. चमचासुद्धा बशीत ठेवताना तो असा ठेवायचा की बशीला कळू नये. आणि त्याच्या पायाखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पत्रा वाजत असायचा. नशिबाने त्या दोघांना एकावर एक रचून ठेवलं होतं, आणि नशिबाला त्यातून करमणूक हवी असणार.

“बॉडीने ठरवलंय,” थोरला एकदा गाळ्याच्या दारात येऊन म्हणाला, “दुपारी ठोकायचं नाही.”

“कुठल्या बॉडीने? माझ्याकडे तीन पडल्यात. एकही काही बोलली नाही मला.”

“थट्टा पुरे. बॉडी म्हणजे संस्था. इंग्रजीत त्याचा अर्थ...”

“इंग्रजी वर घेऊन जा, चेअरमनसाहेब. इथं ग्रीस लागेल तिला.”

लहानपणी तो दादाला ‘तू’ म्हणायचा. भांडण सुरू झालं तेव्हापासून ‘तुम्ही’ आणि ‘चेअरमनसाहेब’ सुरू झालं. मान द्यायचा म्हणून नव्हे, अंतर राखायला.

वहिनीशी तर त्याहून वाईट. ती गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची ते नेमकं खाली ताज्या रंगावर पडायचं. ठोक्या मग एक रिकामं पिंप घ्यायचा आणि त्यावर उगाचच घण घालत बसायचा. वहिनी वरून सुरू व्हायची, “भावजी, कान फुटले आमचे. जरा माणसासारखे वागा.” खालून उत्तर जायचं, “कुंड्या आत घ्या, मग माणूस होतो.” हे इतकी वर्षं चाललं होतं की वॉचमनला दोघांची वाक्यं पाठ झाली होती.

पण त्या वर्षी गोष्ट हातघाईवर आली. थोरल्याने सगळ्या सभासदांना जमवून ठराव केला, की पुढच्या महिन्यापासून गाळ्यात आवाजाचं काम अजिबात चालणार नाही. दुकान घाला, ऑफिस भाड्याने द्या, काहीही करा, ठोकायचं नाही. हात वर करणाऱ्यांत असेही लोक होते ज्यांच्या गाड्या ठोक्याने फुकटात सरळ करून दिल्या होत्या. ठोकायचं नाही म्हणजे ठोक्याने जगायचं कशावर, हे कुणी विचारलं नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात त्याला दुसरीकडे जागा कोण देणार होतं? तो उठला आणि भावाच्या तोंडावर म्हणाला, “माझं मढं बाहेर काढा, आणि मग बंद करा.”

थोरला शांतपणे म्हणाला, “ठराव झालाय.”

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. ठोक्या आता दुपारी मुद्दाम ठोकायचा. महिना संपायच्या आत भावाच्या डोक्यात जेवढे घण घालता येतील तेवढे घालायचे, एवढाच त्याचा हिशोब.

तशाच एका दुपारी गाळ्यात एक टेम्पो उभा होता. त्याचा हौदा काढून भिंतीला लावला होता, दारं उतरवली होती, पुढची काच काढली होती, आणि केबिनची जमीन गंजली म्हणून ड्रायव्हरशेजारचं सीटही उपटून ठेवलं होतं. राहिला होता तो सांगाडा, चार चाकं आणि वर केबिनचं टोपण. ठोक्या दार आडवं टाकून ठोकत होता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, दादा येऊन दारात उभा आहे. एक हात चौकटीला, एक छातीवर. वहिनी बाहेर गेली होती.

ठोक्याला वाटलं, नाटक. छातीवर हात ठेवून उभा राहिला की मी थांबेन असं वाटतंय याला. त्याने आणखी जोरात घण घातले. दादा खाली बसला. ठोक्याने आणखी एक घण घातला, आणि मग मात्र त्याच्या हातातला हातोडा आपोआप थांबला, कारण दादा पांढऱ्या शर्टात कधी ग्रीसवर बसला नसता.

त्याने अँब्युलन्सला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, येतोच. या ‘येतोच’ची किंमत ठोक्याला चांगली ठाऊक होती. रोज तो स्वतः गिऱ्हाइकांना ‘होतच आलंय’ म्हणून सांगायचा. बिल्डिंगमधल्या गाड्या सगळ्या कामावर गेलेल्या. त्याने माळ्यावरची आपली गादी खाली ओढली, उपटलेल्या सीटच्या जागी कोंबली, वॉचमनने पायाकडून धरलं, आणि दोघांनी मिळून दादाला त्या गादीवर बसवलं. दार नव्हतं, म्हणून ठोक्याने डाव्या हाताने त्याची कॉलर धरली. गिअर बदलायचा तेवढ्यापुरता हात सोडायचा, की पुन्हा कॉलर.

रस्त्यावरचे लोक वळून वळून पाहत होते. वारा थेट तोंडावर येत होता. दादाचा रंग पुट्टी फासल्यासारखा झाला होता, पण तोंड चालू होतं.

“हिची... बॉडी कुठंय?”

“काढलीय.”

“असा नेतोस मला? उघड्यावर?”

ठोक्याच्या जिभेला हाड नव्हतंच. “बॉडी कशाला पाहिजे? चेअरमन बसलेत आत. अख्खी बॉडीच आहे की गाडीत.”

दादाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं की त्याला हसू येत होतं, हे ठोक्याला नंतर कधीच ठरवता आलं नाही. ते ठरलं असतं तर बरं झालं असतं. त्या एका नजरेपायी त्याने पुढे स्वतःला फार त्रास करून घेतला.

गाडीला काही नसलं तरी हॉर्न शाबूत होता, आणि ठोक्याचा अंगठा त्यावरून हलत नव्हता. हॉर्नच्या जोरावर त्याने रस्ता कापत आणला. दवाखान्याच्या गेटवर मात्र एक मोठी गाडी आडवी उभी होती. तिचा मालक गेटवाल्याशी पार्किंगवरून वाद घालत होता. ठोक्याने हॉर्न दाबून धरला.

“हॉर्न नको,” दादा म्हणाला. हे अगदी स्पष्ट म्हणाला. “दवाखाना आहे. लोक आजारी असतात.”

ठोक्याने अंगठा काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दादाचं ऐकलं.

समोरचा मालक सावकाश भांडला, सावकाश गाडीत बसला, सावकाश गेला. ठोक्या गप्प बसून होता. हातातली कॉलर जड होत चालली होती. “दादा, आलोच बघ,” तो म्हणाला. “तू नुसता बस.” कितीतरी वर्षांनी तो ‘तू’ म्हणाला होता, आणि त्याचं त्यालाही ते कळलं नाही.

आतल्या लोकांनी स्ट्रेचर आणलं आणि दादाला घेऊन गेले. मागून गेटवाला ओरडत आला, “ही कसली गाडी आणलीत? बॉडी कुठंय हिची? इथून हलवा आधी.” ठोक्या “हलवतो” म्हणाला आणि हलवली नाही. तो आत जाऊन बाकावर बसला. हाताचं ग्रीस भिंतीला लागू नये म्हणून त्याने हात मांडीवर ठेवले होते.

बऱ्याच वेळाने निळ्या कपड्यातला एक कर्मचारी बाहेर आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, “बॉडी कुणाची आहे? बॉडीबरोबर कोण आहे?”

ठोक्याला वाटलं, गेटवाल्याने पाठवला. आधीच डोकं फिरलेलं. “माझी आहे,” तो म्हणाला. “बॉडी गाळ्यावर आहे. परवा बसवतो.”

“गाळ्यावर?”

“मग? सगळी उतरवून ठेवलीय. गाडी हलवतो म्हटलं ना मी.”

“अहो, बॉडी आत आहे. न्यायची कशातून, तेवढं सांगा.”

“आत कशी असेल? आत मी माणूस नेलाय. बॉडी गाळ्यावर आहे.”

कर्मचाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज खाली आला. “काका,” तो म्हणाला, “तुम्ही जरा बसून घ्या.”

ठोक्याशी मऊ आवाजात कुणी बोलत नसे. कुणी बोललंच, तर काहीतरी वाईट झालेलं असे, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. तो बसला नाही. त्याने कर्मचाऱ्याची कॉलर धरली.

“माणूस म्हण.”

“काका, सोडा.”

“माणूस म्हण आधी. बोलत होता तो. मला हॉर्न नको म्हणाला.”

दोघातिघांनी त्याला ओढून बाजूला केलं. कर्मचाऱ्याच्या निळ्या कपड्यावर काळी बोटं उमटली होती. मग डॉक्टर आले आणि जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. ठोक्याने एकच विचारलं, गेटवर थांबलो नसतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. डॉक्टर लोक खोटं बोलायला कधी शिकणार आहेत देव जाणे.

वहिनी आली तेव्हा तो गेटजवळ त्या उघड्या टेम्पोशी उभा होता. तिने आधी टेम्पो पाहिला. दारं नसलेली केबिन पाहिली, आत कोंबलेली मळकी गादी पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं.

“पोचवलंत एकदाचं?” ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी ठोक्याच्या शब्दाचं जे काही झालं ते बघवत नव्हतं. बॉडी कधी मिळणार? बॉडी घरी आणणार की परस्पर नेणार? बॉडी निघाली का? फोनवर, जिन्यात, गॅलरीत, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. ज्याला आदल्या दिवशीपर्यंत सगळे ‘साहेब’ म्हणत होते, त्याला दवाखान्यातून बाहेर आणेपर्यंत कुणी बॉडीशिवाय काही म्हणेनासं झालं. सोसायटीने हार मागवला, आणि त्यावरच्या पट्टीवर कुणा शहाण्याने लिहून घेतलं होतं, ‘बॉडीतर्फे’. ठोक्याने ती पट्टी फाडून खिशात कोंबली. लोकांना वाटलं, अजून डूख धरून आहे.

आठवड्याने त्याने शटर उघडलं. टेम्पोचा मालक खनपटीलाच बसला होता. “काय हो, बॉडी कधी मिळणार?”

“हौदा म्हण.”

“काय?”

“हौदा म्हण. दारं म्हण. पत्रा म्हण. तो शब्द इथं काढायचा नाही.”

“अहो, पाटी तर तुमचीच आहे.”

ठोक्याने मालकासमोरच प्राइमरचा डबा उचलला आणि पाटीवरचा तेवढा शब्द पुसून टाकला. राहिलं ते, ‘येथे सर्व प्रकारच्या कामे केली जातील’. दुसऱ्याच दिवशी एक बाई मिक्सर घेऊन आली आणि एक आजोबा चष्म्याची काडी. गाडीवाले यायचे, नेहमीच्या सवयीने तो शब्द बोलायचे, आणि ठोक्या त्यांच्या अंगावर धावून जायचा. एकदोघांनी शिव्या दिल्या, बाकीच्यांनी दुसरा डेंटर धरला. हातोडा उचलला की त्याला ते शेवटचे घण आठवत, दादा दारात उभा असताना घातलेले, आणि हात खाली येत नसे. सोसायटीला एवढा ठराव करूनही जे साधलं नव्हतं ते असं झालं. गाळा गप्प झाला.

इकडे कमिटीत चेअरमनची जागा रिकामी होती आणि कुणालाच ती नको होती, तेव्हा सगळ्यांनी मिळून ती वहिनीच्या गळ्यात घातली. पहिलीच मीटिंग तिच्या घरी झाली. ठोक्या बोलावणं नसताना वर गेला. त्या घरात तो कितीतरी वर्षांनी पाऊल टाकत होता. त्याने टीपॉयवर गाळ्याची किल्ली ठेवली.

“गाळा विकतोय,” तो म्हणाला. “कुणी घेणारा असेल तर बघा. दादाला आवाज नको होता. नाही होणार आता.”

मंडळींचे चेहरे उजळले. एकाने तर ‘उशिरा का होईना’ असं म्हणायला तोंडही उघडलं. वहिनीने हात वर करून त्याला गप्प केलं.

“वाटेत काय झालं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “वॉचमन म्हणतो इथून वाऱ्यासारखे गेलात. मग उशीर कुठं झाला?”

ठोक्याने सांगितलं. दवाखान्याच्या गेटवर गाडी आडवी होती, तो हॉर्न देत होता, दादा नको म्हणाला. दवाखाना आहे, लोक आजारी असतात म्हणाला. म्हणून त्याने हॉर्न सोडला आणि थांबून राहिला. सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही. वहिनी किल्लीकडे बघत होती.

“उचला ती,” ती म्हणाली.

“तुम्हीच तर हाकलत होतात.”

“हाकलणार. रोज हाकलणार. पण तुम्ही जायचं नाही.” तिचा आवाज चढत गेला. “सुटका हवीय होय तुम्हाला? जन्मभर त्यांचं एक अक्षर ऐकलं नाहीत. एकदा ऐकलंत, तर माझा माणूस गेला. आणि आता ते नाहीत तर पुन्हा ऐकायला निघालात? काही गरज नाही. खाली जायचं आणि ठोकायचं. मला इथं बसून कळलं पाहिजे की तुम्ही आहात.”

“वहिनी...”

“ठराव रद्द,” ती बाकीच्यांना म्हणाली. “ज्याला आवाज सोसत नसेल त्याने कापूस घालावा.”

ठोक्याने किल्ली उचलली. त्याला वाटलं होतं, तिने शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, पोलिसांत द्यावं, त्या सगळ्याची त्याने तयारी केली होती. याची केली नव्हती.

सकाळी त्याने ते अर्धं राहिलेलं दार आडवं टाकलं. बराच वेळ तो हातोडा घेऊन नुसता बसून राहिला. मग त्याने एक घण घातला. वरच्या गॅलरीत दार धाडकन उघडलं, कुंडीतलं पाणी पत्र्यावर सांडलं, आणि वहिनीचा आवाज आला, “मेल्या, झालं का सुरू?”

तिच्या आवाजात रडू होतं. ठोक्याने वर न बघता दुसरा घण घातला, पहिल्यापेक्षा जोरात.